ड्रायव्हरकाकांची साडेतीन मिनिटं

ड्रायव्हरकाकांना खरं तर गाडी चालवता येत नव्हती. गुन्हेगारांच्या एका घराण्यावर तीन सिनेमे निघाले, तिन्हींत काळी गाडी त्यांच्याच हातात होती. पण शूटिंगला ती गाडी पुढून दोरानं ओढायचे आणि काका नुसतं चाक फिरवायचे. लोक मात्र त्यांना ओळखायचे ते ड्रायव्हर म्हणूनच. पहिल्या दोन भागांत मिळून त्यांना चार वाक्यं होती, त्यांतली तीन ‘हो साहेब’. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागात लेखकानं त्यांना साडेतीन मिनिटांचा एक अख्खा प्रसंग दिला. चौदा वर्षं कळ काढली, त्याचं चीज झालं असं घरचे म्हणाले.

तो प्रसंग ताईंनी कापला.

ताई तिन्ही भागांच्या संकलक. कुठला तुकडा ठेवायचा, कुठला टाकायचा, याबाबत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सिनेमा लांबला होता, दहा मिनिटं कमी करायची होती. त्याच सुमारास एका दुपारी नायक, म्हणजे घराण्याचा म्हातारा प्रमुख झालेला नट, त्यांच्या खोलीत डोकावला. पडद्यावर नेमका काकांचा प्रसंग चालू होता. त्यानं शेवटपर्यंत बघितला, हसला, ‘ड्रायव्हरनं खाल्लं की मला’ म्हणाला आणि निघून गेला. बस्स, एवढंच. पण त्याचे पुढचे दोन सिनेमे ताईंकडे यायचे होते. संध्याकाळी त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, “काकांचा प्रसंग काढू या. गती अडतेय.”

काकांना फोन करायला हवा होता. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेला. पहिल्या खेळाला काका नवा कोट घालून आले, सोबत बायको, शाळकरी मुलगी आणि इमारतीतले शेजारी, चांगली दीड रांग भरली. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी शेजारी पडद्याकडेच बघत होते. दाराशी काका ताईंसमोर आले. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र “छान झालाय हो सिनेमा” एवढंच म्हणाले आणि मुलीचं बोट धरून पायऱ्या उतरले. त्यानंतर ते कुठल्याच सिनेमात दिसले नाहीत.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. दिग्दर्शक वारले. त्यांच्या बायकोनं माळा आवरायला काढला, तर एका डब्यात कापलेली रिळं निघाली. कंपनीनं ठरवलं, गाळलेलं सगळं घालून शेवटचा भाग पुन्हा लावायचा. निवृत्त झालेल्या ताईंना बोलावणं आलं. काकांचा प्रसंग शाबूत होता, पण अर्धाच: चित्र स्वच्छ, आवाजाची फीत बुरशीनं खाल्लेली. काकांकडून आवाज पुन्हा भरून घ्यावा लागणार होता.

“ऑफिसातून फोन करतो,” व्यवस्थापक म्हणाला.

“नको,” ताई म्हणाल्या. “मी जाते.”

काका दुसऱ्या मजल्यावर राहत होते. खाली मुलीचं चष्म्याचं दुकान होतं. तिनं ताईंना लगेच ओळखलं. हातातली काच पुसत राहिली आणि म्हणाली, “आता काय कापायचं राहिलंय?”

वर काका खुर्चीत पेपर वाचत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगानं निम्मे झालेले. भिंतीवर बायकोचा फोटो होता. ताईंना बघून ते कोण आनंदले! मागोमाग वर आलेल्या मुलीला म्हणाले, “अगं, चहा टाक, ताई आल्यात!” आणि कामाचं कळल्यावर पाठ असलेली वाक्यं तिथल्या तिथे धडाधड म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

चार दिवसांनी बापलेक स्टुडिओत आले. काचेमागे ध्वनिमुद्रक, इकडे ताई, मध्ये पडदा. “आधी नुसतं बघा,” ताई म्हणाल्या.

पडद्यावर काळी गाडी थांबते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि तीन सिनेमांत पहिल्यांदाच मागे वळून साहेबाकडे बघतो. त्याला सांगायचं असतं की साहेबाच्या धाकट्या बहिणीला मरणाच्या जागी त्यानंच सोडलं होतं, साहेबाच्या हुकमावरून. साहेबाला ठाऊक नसतं ते पुढचं: उतरताना तिनं विचारलं होतं, काका, न्यायला याल ना? आणि तो हो म्हणाला होता.

तुकडा संपला. काकांनी स्वतःला या प्रसंगात आज पहिल्यांदाच बघितलं होतं.

“पुन्हा लावता?” ते म्हणाले. पुन्हा लावलं. मग त्यांनी चष्मा काढला. “बरा दिसतोय की मी.”

“बरा काय बाबा,” मुलगी म्हणाली आणि त्यांचा चष्मा घेऊन पुसू लागली.

“नाही, मला वाटायचं, काम वाईट झालं म्हणून काढलं. हिच्या आईलाही तेच सांगितलं. ती म्हणायची, एकदा विचारा तरी. मी म्हटलं, कशाला? ताईंनी माझी अब्रू झाकली. मग दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी आली, पण म्हटलं, जे जमत नाही त्यात कशाला पडा.”

गप्प बसायचं म्हटलं असतं तर ताईंना बसता आलं असतं. कुणाला काही कळणार नव्हतं.

“काम वाईट नव्हतं, काका,” त्या म्हणाल्या. “अख्ख्या सिनेमात त्याच्याइतकं चांगलं काही नव्हतं. नायक फिका पडत होता, म्हणून कापलं मी.”

“त्यानं सांगितलं?”

“नाही. कापा असं तो म्हणालाच नाही. मीच ओळखलं आणि मीच कापलं.”

मुलगी ताडकन उठली. “चला बाबा. काही आवाज-बिवाज द्यायचा नाही.”

काकांनी तिला हातानं बसवलं. “वाईट होतं असंच म्हणाला असतात तर बरं झालं असतं,” ते हळूच म्हणाले. “त्याची सवय झाली होती.”

मग त्यांनी हेडफोन चढवले. आवाजात पूर्वीचा दम राहिला नव्हता. दोनदा ओठ आणि शब्द जुळले नाहीत, तिसऱ्यांदा ‘मी हो म्हणालो’ म्हणायचंच राहिलं. पाचव्या खेपेला जमलं. ध्वनिमुद्रकानं काचेमागून अंगठा दाखवला.

जिन्यात ताई म्हणाल्या, “काका, मला माफ करा.”

“मी करीन हो,” काका कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. “पण माफी मी एकट्यानं द्यायची नव्हती. जिनं शेजाऱ्यांना तोंड दिलं, ती गेली.”

नव्या खेळाच्या दिवशी ताईंनी शेजारच्या दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्याच राहिल्या. आठवड्यानं धीर करून त्यांनी दुकानात फोन लावला.

“बघून आलो आम्ही,” मुलगी म्हणाली. “दुपारच्या खेळाला. तिकिटं काढून.”

“काय म्हणाले बाबा?”

“सिनेमाबद्दल काही नाही. घरी येईपर्यंत आईबद्दल बोलत होते.” आणि मग, रागानं नाही, साध्या आवाजात, “ठेवते. गिऱ्हाईक आलंय.”