मानेखालची काडी

प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यावर त्याची हयात गेली होती. गल्ली त्याला माकडमामा म्हणे आणि त्याला ते मानाचं वाटे. बायकोला मात्र माकडमामी म्हटलेलं मुळीच खपत नसे.

आणि परवा, मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी समोर बसलेली असताना, हा बाबा कौतुकाच्या भरात बोलून गेला, "आमची ही म्हणजे अगदी आमच्या टोळीतली थोरली माकडीण! कुणाच्या हातात एक केळं जास्त गेलं, तरी हिला दिसायचंच."

विहीणबाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून घरात अबोला. "अगं, थोरली म्हणजे मान! तिच्यावाचून टोळीचं पान हलत नाही," त्याने समजावलं, तर उत्तरादाखल कपाटाचं दार आपटलं.

आज सकाळची पाळी आटपून तो घरी येतो, तर पलंगावर बॅग उघडी आणि तिच्यात कपड्यांच्या घड्या.

"आई मामाकडे निघालीये," मुलगी कुजबुजली. "बाबा, सरळ माफी मागा ना!"

पण तोंड उघडलं की घात होतो, हे तो परवाच शिकला होता. त्याला पिंजरा आठवला. तिथे भांडण झालं की चुकणारा गुपचूप येतो, रुसलेलीच्या जवळ पाठ करून बसतो. नजरेला नजर नाही, आवाज नाही. बसून राहायचं, वाट पाहायची. ही रीत त्याने कधी वाया गेलेली पाहिली नव्हती.

त्याने सदरा काढला, बनियनवर पलंगापाशी जमिनीवर बसला, बायकोकडे पाठ केली आणि सावकाश कोपर खाजवू लागला.

"बघ गं, बघ!" बायको मुलीवर कडाडली. "चूक ह्यांची आणि पाठ मला दाखवतात!"

"तिला सांग, पाठ दाखवत नाही, पुढे करतोय."

"माणसं हात पुढे करतात म्हणावं!"

"आमच्या टोळीत..."

"परत टोळी!"

मुलीने डोळे वटारले. तो पुन्हा कोपर खाजवू लागला. बॅगेत घड्या चढत राहिल्या, एकीवर एक.

मग चढायच्या थांबल्या.

त्याच्या मानेखाली, बनियनच्या काठाशी, वाळल्या गवताची काडी अडकली होती. ती बायकोला दिसली, हीच पंचाईत झाली. बायकोने खिडकीकडे पाहिलं. काडीकडे पाहिलं. आणखी एक घडी घातली, ती वाकडी पडली.

"बाहेरून येताना झटकून यावं माणसाने," ती भिंतीला म्हणाली आणि दोन बोटांनी काडी उचलली. तिच्याखाली दुसरी निघाली. दुसरीशेजारी घामोळ्याची एक पुळी.

तो श्वास धरून बसला. दारातून मुलीला आईचं तोंड दिसत होतं: कपाळावर आठी, ओठ पुढे काढलेले, जगाचं भान नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पिंजऱ्यात पाहिलेलं तोंड! मुलीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"बारीक काही दिसत नाही मेलं! चष्मा कुठे ठेवला मी?"

चष्मा बॅगेच्या तळाशी होता. वरच्या घड्या एकेक करून पलंगावर आल्या.

त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि तोंड हळूच उघडलं, "आमची थोरलीसुद्धा..."

पाठीत सणसणीत धपाटा बसला.

"हलू नका," बायको म्हणाली. मुलीला नव्हे, भिंतीला नव्हे. त्यालाच.