रेघेला फुटलेलं शिंग

शेवटचा बोर्ड पास झाला तर चाचणीवाल्या बाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकू: थोरल्या बहिणीची उभ्याउभ्या का होईना, भेट. ताई लांबच्या प्रवासाला निघाली होती आणि संध्याकाळी इथे बस बदलणार होती. साहेबांनी शब्द दिला होता, "शेवटचा बोर्ड पास झाला की पळा."

त्यांच्या कारखान्यातले रेडिओ सॉफ्टवेअरवर चालणारे. प्रोग्रॅम बदलला की आतला तोच सर्किट बोर्ड दुसऱ्या लहरी ऐकू लागतो. चाचणीचा शेवटचा टप्पा शांततेचा. अँटेनाच्या तोंडाला बूच लावायचं आणि बोर्डाला काही ऐकू येत नाही ना, ते बघायचं. पडद्यावरची रेघ सपाट हवी. सकाळपासून सगळे बोर्ड मुकाट पास झाले. या शेवटच्याच्या रेघेला मात्र शिंग फुटलं.

घाई करायला साहेब शेजारीच उभे होते. एसीची थंडी सोसत नाही म्हणून डोक्याला कानटोपी. "सोल्डरिंग कच्चं," त्यांनी निकाल दिला.

"फाडा, माझ्याच नावानं बिल फाडा!" सोल्डरिंगवाले काका उखडले. पण बोर्ड नेला, सांधे पुन्हा तापवून आणून दिला. तोवर साहेब बाहेर गेले होते. बाईंनी प्रोग्रॅम चालवला. रेघ सपाट! एवढ्यात साहेब आत डोकावले, "झालं का?" की शिंग पुन्हा हजर.

"काका, दोष तुमचा नाही. हा बोर्ड साहेबांना घाबरतो," बाई म्हणाल्या आणि बोलता बोलता थबकल्या. "साहेब, जरा बाहेर जा बरं."

गेले. सपाट.

"या आत."

शिंग.

"पुन्हा जा."

"अहो, मी काय झोपाळा आहे?"

"खिशात मोबाइल आहे?"

"मोबाइल आत आणायचा नाही, हा नियम लावला कोणी? मीच! तो बघा, दाराबाहेर ट्रेमध्ये."

होता खरा. बाईंची नजर वर सरकली. "टोपी काढा."

"टोपीचा काय संबंध?"

टोपी निघाली. कानात बिनतारी इअरफोन, आणि त्यात मॅचची कॉमेंट्री. बोर्डावर पत्र्याचं झाकण अजून बसायचं होतं, तेव्हा इअरफोनची कुजबुज त्याला थेट ऐकू जात होती.

"नियमात मोबाइल लिहिलंय," साहेब पुटपुटले. "इअरफोन नाही."

"बोर्ड नियम वाचत नाही हो, नुसता ऐकतो."

इअरफोन डबीत गेले, बोर्ड पास झाला. पण बस गाठायची वेळ टळत आली होती. साहेबांनी गाडीची किल्ली उचलली. "चला, सोडतो."

बाईंना ताई भेटली, बसच्या पायरीपाशी का होईना, कडकडून. काकांची साहेबांनी सगळ्यांदेखत माफी मागितली. या सगळ्याची किंमत मोजली साहेबांनी. मॅचची शेवटची ओव्हर बुडाली, कारण घाईत मोबाइल ट्रेमध्येच राहिला, आणि रेडिओ बनवणाऱ्या या गृहस्थांच्या गाडीतला रेडिओ कित्येक महिने बंद होता.