पावाची बाहुली

पाळकसाहेबांनी फडक्याची गाठ सोडली आणि नुसते बघत राहिले. प्रार्थना झाली होती, गाणं झालं होतं, लोक प्रभुभोजनाचा पाव घ्यायला उभे होते, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी पहिल्याच बाकावर. मनात म्हटलं, झालं! पाव करपला वाटतं. आता सगळ्यांसमोर माझी शोभा.

मान उंच करून पाहिलं, तर ताटात गोल पाव नव्हताच. बाहुली होती. पावाची, वीतभर, दोन वेण्यांची, डोळ्यांच्या जागी मनुका.

प्रभुभोजनाचा पाव सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या बेकरीतून जातो. नवरा भाजतो, पांढऱ्या फडक्यात बांधतो, मी नेते. बांधलेली गाठ पाळकांशिवाय कोणी सोडायची नाही, ही सासऱ्यांची शिस्त. उरलेल्या पिठात साखर घालून हे आमच्या लेकीसाठी, चिमणीसाठी, बाहुली करायचे, तीही तशाच फडक्यात बांधायची. चर्चहून आल्यावर गाठ ती सोडायची. मग चिमणी तापानं गेली. बाहुल्याही संपल्या, असं मी समजत होते.

तिला माती देऊन आल्यावर हे पाळकसाहेबांना म्हणाले होते, "पाव पाठवीन. चर्चमध्ये पाय ठेवणार नाही." त्याचं मला एवढं नव्हतं, देव आपले राग सोसतो. पण घरात तिचं नाव काढलं की हे उठून भट्टीकडे जायचे. दोन वर्षं लेकीसाठी मला एकटीला रडायला लावलं, ते मला सोसवत नव्हतं. दगडाशी संसार करणं सोपं असेल.

आज टेबलावर एकच गाठोडं दिसलं, ते मी उचलून आणलं. पावाचं गाठोडं मागेच राहिलं असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी!

"थांबा!"

दारात हे उभे. अंगात एप्रन, कोपरापर्यंत पीठ, बगलेत खरा पाव. धावत आले आणि उंबऱ्याशी पाय अडले. सगळं चर्च वळून बघतंय.

"चुकून गेलं ते," हे म्हणाले. "हा घ्या. ते परत द्या."

पाळकसाहेब बाहुली घेऊन दारापर्यंत गेले. मी कसली गप्प बसते! मीही मागोमाग.

"दर वेळी करता?" मी विचारलं. "आणि एकटेच खाता होय?"

"खातो कुठे. मोडवत नाही. तू इकडे आलीस की भट्टीत टाकतो."

"भट्टीत? अहो, मी काय मेले होते? मला सांगायचंत तरी!"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मलाही मोडवेना. प्रभूचं शरीर मोडलं म्हणत मी दर महिन्याला पाव मोडतो. सवयीनं मोडतो. आज हात अडला. प्रभूच्या बापाला, त्या देवाला, काय झालं असेल, ते आज कळलं मला."

"त्याचा पोरगा तिसऱ्या दिवशी परत आला," हे म्हणाले. "माझी नाही आली."

"नाही आली. तिलाही तोच उठवील, या एका भरवशावर मी इथे उभा आहे. दुसरं माझ्याकडे काही नाही."

मला वाटलं, आता हे पाठ फिरवतात. पण यांनी गोल पाव पाळकसाहेबांच्या हातात दिला आणि बाहुली घेऊन आत आले. थेट पुढे, टेबलापाशी. मी खालून माझे हात लावले. दोघांनी मिळून मोडली. आवाज कसला येणार पावाचा, पण माझ्या काळजात आला.

पाळकसाहेबांनी गोल पावही मोडला, ते सगळे तुकडे एकाच ताटात ठेवले आणि प्रार्थना केली. ताट त्यांनी आधी यांच्यापुढे धरलं. यांनी बाहुलीचा एक तुकडा उचलून माझ्या ओंजळीत ठेवला, मग स्वतः घेतला.

"फार गोड झालाय हो," मी म्हणाले. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, दुसरं काही सुचेचना.

"चिमणीला गोडच लागायचा," हे म्हणाले, आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडायला लागले.

बाकावर परत आल्यावर मी सरकून त्यांना जागा करून दिली.