पाव्हण्याचं बीळ

मला कुणी खोटारडी म्हणलं असतं, तर त्याच्या तोंडात शेण कोंबलं असतं म्या. भामाबाईची जीभ तिखट हाय पण खोटी न्हाई, असं सासरी-माहेरी दोन्हीकडं म्हणत. सत्तर वर्सांत एकदाच खोटं बोलले. ते बी सख्ख्या नातीसंगं, आन् ते बी एकच शब्द.

आधी बिळाचं सांगते, न्हाईतर तुम्हाला काय बी उमगायचं न्हाई.

आम्ही धनगर. आता भांडगावच्या मागं दोन एकरात कांदा करतो, घराला स्लॅब हाय, दारात लेकाची, बिरदेवची, वीसेक मेंढरं हायती. पण माझी निम्मी हयात चालण्यात गेली. दौंडच्या माळावरनं निघायचं, भीमा वलांडायची, शिरूरच्या अंगानं फिरून परत यायचं. आमच्या घरात लांडग्याला लांडगा म्हणत न्हाईत, पाव्हणा म्हणत्यात. त्यानं कोकरू नेलं तर बोंब मारायची न्हाई. वाटा गेला म्हणायचं आन् गप बसायचं. नवी नवरी व्हते तवा मला हसू यायचं, चोराला पाव्हणा म्हणत्यात म्हणून. तर आमचं मालक, रखमाजी, डोळं वटारायचं. "त्यो हाय तवर माळ हाय," म्हणायचं, "आन् माळ हाय तवर आपुन हाय."

तर एकदा काय झालं, मालकांच्या तोंडातून निसटलं. शेजारच्या हौसरावासंगं तंबाखू मळत बसलं व्हतं, बोलता बोलता बिळाची जागा सांगून बसलं. दुसऱ्या दिशी त्या हौसरावानं बिळाच्या तोंडाशी मिरच्यांची धुरी केली आन् वर धोंडं लावलं. आत सहा पिल्लं व्हती. मुडदा बशिवला त्या हौसरावाचा! वर हसत सांगायला आला आम्हाला. मालक दोन दिवस जेवलं न्हाईत. तिसऱ्या दिशी बिरोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलून शपथ घेतली आन् मला बी घ्यायला लावली. बिळाची जागा तोंडातून काढायची न्हाई. पोटच्या पोराला बी न्हाई. बीळ सांगितलं की मेलं.

मालकांना जाऊन नऊ वर्सं झाली. त्यांनी दावल्याली पाच बिळं माझ्यापाशी राहिली. चार लांबची, आन् एक आमच्याच माळावर, ओढ्याच्या दरडीत, पळसाच्या मुळाखाली.

गेल्या माघात तेलवाले आले. आमच्या जमिनीखाली, काळ्या दगडाच्या बी खाली, तेल हाय का बघायला. आत्ता गं बाई! हितं प्यायला पाणी लागंना आन् ह्यांना तेल लागणार. पण गाव लागलं नाचायला. हौसराव तर पायात तुटकी चप्पल घालून दुबईच्या गप्पा हाणायला लागला. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी. तरी हसायची बी चोरी व्हती, कारण गावातल्या पोरांना काम मिळालं. कुरकुंभच्या केमिकलच्या वासात शिफ्टा करून खोकणारी पोरं घरचं जेवून माळावर कामाला जायला लागली. त्यांच्या आयांचे चेहरे बघितलं की मला बी बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आन् माझी नात, बिरदेवची प्रगती, तिला बी काम मिळालं. दौंडच्या कालेजात सायन्स शिकली हाय ती. तेलवाल्यांची बोअरची गाडी माळावर ठोकल्याल्या खुंट्यांच्या रांगेनं भोकं मारीत जायची, भोकात दारू भरायची आन् बार उडवायचा. जमिनीच्या पोटातला आवाज तारांनी ऐकायचा. प्रगतीनं त्यांच्या पुढं चालायचं. कुठं घरटं, कुठं बीळ दिसलं, की नकाशावर खूण करायची आन् मेंढक्यांना इचारून फारम भरायचा. खूण झाली की साहेबांनी रांग बाजूला घ्यायची, असा नेम व्हता. डोक्यावर टोपी, अंगात नारिंगी जाकीट, हातात वही. पहिल्या दिशी निघाली तवा म्या तिची दृष्ट काढली.

आठवड्यानं ती माझ्यासमोर येऊन बसली. म्या अंगणात कांद्याची पात कापीत व्हते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आजी, उद्या आपल्या माळावर काम हाय," ती म्हणली. "सगळ्या मेंढक्यांना इचारलं. तू तर सगळ्यांत जुनी. हितं पाव्हण्याचं बीळ हाय का कुठं?"

आठच दिवसांपूर्वी म्या पाव्हणी बघितली व्हती. पळसाखालनं निघाली, आचळं दुधानं लोंबत व्हती. म्हंजी आत पिल्लं व्हती.

आता तुम्ही म्हणाल, शपथ आडवी आली. आलीच. पण सगळा भार देवाच्या भंडाऱ्यावर टाकू नये माणसानं. दुसरं बी पोटात व्हतं. कागदावर चढलं म्हंजी गावभर फिरणार, आन् हौसराव अजून जिता व्हता. आन् तिसरं सांगते, ते सांगायची लाज वाटती. पलीकडच्या माळावर बीळ घावलं तवा फारेष्टवाल्यांनी तिथं तार मारली, मेंढरांना चराई बंद. उद्या हितं तार पडली तर बिरदेवनं मेंढरं कुठं न्यावी, छातीवर? पोरीच्या एका खुणेनं आमचा माळ जाईल, ही भीती माझ्या पोटात व्हती.

"न्हाई," म्या म्हणले.

"नक्की ना गं?"

तवा मी भडकले. खोटं बोलणाऱ्याला राग लवकर येतो. "तुझा आजा असता तर त्याला इचारलं असतंस व्हय, नक्की ना म्हणून? चार बुकं शिकली आन् आजीला तपासायला आली!"

पोरगी वरमली. "तसं न्हाई गं आजी," म्हणली, आन् गुडघ्यावर वही ठेवून बीळ न्हाई म्हणून फुली मारली.

मला वाटलं व्हतं, सुरुंग म्हंजी आपल्या विहिरीचा सुरुंग. आधी शिट्टी, मग आवाज, धोंडं उडणार. पाव्हणी शहाणी, गाडीचा घरघराट ऐकूनच एकेक पिल्लू तोंडात धरून निघून जाईल. आमची विहीर खोदली तवा अशीच गेली व्हती. म्या स्वतःची समजूत घातली आन् रातच्याला झोपले बी. झोप लागली मला, हे सुदीक सांगून टाकते.

दुसऱ्या दिशी भाकरी थापत व्हते. ना धोंडा उडाला, ना धूर दिसला. नुसता पायाखालून एक धक्का आला, तव्यावरची भाकरी सरकली. मग दुसरा. तिसरा जरा जवळ झाला. म्या तवा तसाच ठेवला आन् निघाले. काटा मोडला, चप्पल मागं राहिली. लांबनंच दिसलं, पळस कलला व्हता. दरड मुरमाची. ती आतनं हलली आन् अख्खी खाली बसली. बिळाचं तोंड कुठं व्हतं ते मला बी घावंना.

पाव्हणी उकरत व्हती. भर दिवसा, माणसं शंभर पावलांवर असताना. माझ्याकडं एकदा बघितलं तिनं, आन् परत उकरायला लागली. पुढच्या पायांची नखं फुटून रगत आलं व्हतं. सत्तर वर्सांत कुठला पाव्हणा माणसाला बघून थांबल्याला म्या बघितला नव्हता.

"थांबवा रं! बंद करा ते!" म्या बोंब मारली. जी बोंब मालकांनी कधी मारू दिली न्हाई, ती मारली.

प्रगती पळत आली, मागं सत्यजीत साहेब. ते तेलवाल्यांचं मोठं साहेब, पण पोरगेलेच. पोरांनी फावडी आणली. प्रगती हातांनीच उकरायला बसली. पाव्हणी पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली, तिथनं हलली न्हाई. पाच पिल्लं निघाली. डोळं नुकतंच उघडल्यालं, त्यात मुरूम भरल्याला. एक अजून ऊन व्हतं. प्रगतीनं ते जाकिटात घेऊन चोळलं, तोंडात फुंकर घातली, लई येळ घातली. साहेबांनी शेवटी तिचा हात धरला.

"आजी," साहेब मला म्हणले, आन् रागानं न्हाई बरं का, रडकुंडीला येऊन म्हणले, "खुंट्या अर्धा किलोमीटर सरकवल्या असत्या आम्ही. एका दिवसाचं काम होतं. फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं."

प्रगतीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या पायात चप्पल नव्हती, हाताला पीठ व्हतं. मी चूल सोडून नेमकी हितंच कशी आले, हे तिला इचारायची गरज पडली न्हाई.

"तुला ठाव व्हतं," ती म्हणली.

म्या व्हय म्हणून मान हलवली.

वरनं चौकशी आली. प्रगतीनं कागदावर लिहून दिलं, "मेंढक्यांना इचारायला मीच कमी पडले, चूक माझी." माझं नाव कुठं घातलं न्हाई. तिची टोपी, जाकीट, वही, सगळं परत गेलं. गाड्या आठ दिवस थांबल्या, मग दुसऱ्या गावाला गेल्या. हौसराव दारात येऊन म्हणतो कसा, "एका लांडग्यापायी पोरीची नोकरी गेली की हो, भामाबाई!" आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला शिवी सुचली न्हाई. त्यानं धुरी देऊन पिल्लं मारली, म्या न्हाई म्हणून मारली. फरक काय?

प्रगती घरात वावरायची, भाकरी वाढायची, पाणी द्यायची. आजी म्हणून हाक मात्र मारायची न्हाई. पंधरा दिवस. एवढा अबोला मालकांनी बी कधी धरला नव्हता. सोळाव्या दिशी म्या डोक्यावरनं पदर घेतला आन् तिला म्हणले, "स्कुटी काढ."

"कुठं?"

"बाकीची चार दावते. लिहून घे. त्या साहेबाला दे, फारेष्टवाल्यांना दे, कुणाला बी दे."

बैल गेला आन् झोपा केला म्हणत्यात, ते माझंच. पण मनात आलं, अजून चार घरं हायती. चारी ठिकाणी खुणा झाल्या तर चार आया तरी उकरत बसणार न्हाईत. निघताना बिरोबाला हात जोडले. म्हणले, देवा, शपथ मोडते, पाप माझ्या डोक्यावर घे, पोरीच्या नको.

पहिलं कुरकुंभच्या अंगाला. मालकांनी सांगितल्याली टेकडी घावली, पण निम्मीच. बाकीची निम्मी कारखान्याच्या भिंतीत गेली व्हती. बिळाच्या जागी पिवळं पाणी साचलं व्हतं आन् नाकाला पदर लावावा लागला. "आसंल पुढं," म्या म्हणले. प्रगतीनं स्कुटी वळवली.

भीमा वलांडली. दुसरं ज्या माळावर व्हतं तो माळच नव्हता. ऊस उभा, दोन पुरुष उंच. मळेकरी म्हणला, "आजे, हितं बिबट्या निघतो, आत जाऊ नगा." शिक्रापूरच्या तिथलं तर काय सांगावं! ट्रकांची ही रांग. गोडाऊनचा पहारेकरी हिंदीत इचारतोय, "माताजी, किससे मिलना है?" आता त्याला काय सांगू, कुणाला भेटायचंय?

शेवटचं शिरूरच्या पल्याड. तिथं मालकांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्सी नेलं व्हतं. चार पिल्लं उन्हात खेळताना दावली व्हती, माझ्या तोंडावर हात ठेवून, हसू फुटू नये म्हणून. तिथं दगडाचं खांब, चुन्याच्या रेघा आन् प्लॉटिंगचा बोर्ड. झुडूप सुदीक ठेवलं न्हाई. म्या प्लॉटाच्या मधोमध उभी राहिले. इतकी वर्सं तोंडाला कुलूप लावून मी काय राखत व्हते गं बाई? माणसं कवाच येऊन गेली व्हती. कुणी मला इचारलं बी नव्हतं. जिनं इचारलं, राखायसाठी इचारलं, तिला एकटीला म्या फसवलं. आन् जे एक खरंच जितं व्हतं, तेच मारलं.

खाली बसले आन् रडले. मालक गेलं तवा रडले नव्हते एवढं.

प्रगती शेजारी बसली. पिशवीतनं तिची साधी वही काढली, पेनाचं टोपण काढलं. तिचा हात माझ्या पाठीवर आला.

"आजी," ती म्हणली. "अजून कुठं हाय का गं बीळ? नीट आठव."

म्या आठवलं. सगळा माळ, सगळं ओढं, सगळ्या वाटा, दौंडपासनं शिरूरपतुर, पायांनी चालल्यासारखं आठवलं.

"न्हाई," म्या म्हणले.

या खेपेला तिनं नक्की ना म्हणून इचारलं न्हाई.