उस्तीन्याचं विमान

आमच्या पेलागियावहिनीनं लेकीला अँकरेज शहरात शिकायला पाठवायचं नाही, असं एकदाही म्हटलं नाही. म्हणायची गरजच काय? विमानाचा दिवस उजाडला की काहीतरी निघायचंच. एकदा तिनं उस्तीन्याच्या कपाळाला हात लावून ताप शोधून काढला. पोरगी टणटणीत, तरी दिवसभर गोधडीत कोंबून ठेवली. पुढच्या खेपेला वहिनीच्या स्वप्नात तिची मेलेली आजी आली आणि एक शब्द न बोलता चहा पिऊन गेली. याचा अर्थ ‘आज निघू नये’ असा होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग एकदा खरोखरच धुकं पडलं, विमान आलंच नाही, तर वहिनी इतकी खूश की शेजारीपाजारी गरम तळलेले पाव वाटत फिरली.

मी तिची नणंद, चिडवणार नाही तर काय करणार? पण आता मलाही धास्ती वाटायला लागली होती. नर्सिंगच्या शाळेनं कळवलं होतं, सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला देऊ. सोमवारच्या आधी विमान उरलं होतं एकच, शुक्रवारचं. आमच्या बेटावर नर्स नेहमी बाहेरून येते आणि पहिल्याच हिवाळ्यात गाशा गुंडाळते. उस्तीन्याला इथली, न पळणारी नर्स व्हायचं होतं. पण त्यासाठी आधी इथून निघायला नको का?

बुधवारी मी चहाची बाटली घेऊन किनाऱ्यावर गेले. वहिनीचं कामच किनाऱ्यावर येणाऱ्या सील प्राण्यांवर नजर ठेवायचं. पिल्लांची वजनं करायची, कुणाच्या गळ्यात जाळ्याचा तुकडा नाहीतर प्लास्टिकची पट्टी अडकली असेल तर कापून काढायची. नोव्हेंबर लागला होता, किनारा निम्मा रिकामा झाला होता. मोठे नर तर कधीच गेले. उन्हाळाभर खडक अडवून बसायचं, येईल जाईल त्याच्यावर गुरगुरायचं, पोराकडे ढुंकून बघायचं नाही आणि वेळ झाली की चालू पडायचं. माझा भाऊही खेकड्यांच्या बोटीवरून आला की असाच असतो, पण ते मी वहिनीपुढे बोलत नाही. तिला माहीतच आहे.

“गप्प बस आणि बघ,” वहिनी म्हणाली. “आई आली.”

पाण्यातून एक मादी वर आली आणि ओरडली. पिल्लांच्या घोळक्यातून एकानं घोगरा आवाज दिला आणि बाकीच्यांना तुडवत धावत सुटलं. वाटेत दुसरंच एक आगाऊ पिल्लू तिच्या पोटाशी घुसायला गेलं, त्याला तिनं दात दाखवून हाकललं. मग स्वतःच्या पोराचं नाक हुंगलं, खात्री करून घेतली आणि आडवी झाली. ते लागलं प्यायला.

“आठवडाभर समुद्रात होती,” वहिनी म्हणाली. “याच्या पोटात तेवढे दिवस काही नाही. तरी आवाज कसा ओळखला बघ.”

“मग तुझी उस्तीन्या काय बहिरी आहे? फोनवर ओळखेल की.”

“दूध बघितलंस का कधी? लोण्यासारखं दाट. जुलैत मांजराएवढं काळं कुळकुळीत होतं हे. आता चंदेरी कोट आलाय, अंगावर कशी चरबी धरलीय. ती थंडीत कामाला येते.”

“उस्तीन्यानंही धरलीय. भरवतेस अजून, मग धरणार नाही? अगं, हे चार महिन्यांचं, तुझी अठरा वर्षांची घोडी.”

“पुरे झालं तुमचं, वन्सं.”

वहिनी मला वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढला. एरवी मी ग्रुशा. मी तिला चहा ओतून दिला. दोन घोट घेऊन तीच बोलायला लागली.

“आई नाही गं सोडत याला. ती मासे मारायला गेलेली असते आणि हे एक दिवस आपलं उठतं आणि पाण्यात शिरतं. कुणी शिकवत नाही, कुणी पोचवायला जात नाही.”

“आणि आई?”

“येते. हाका मारते थोडा वेळ. मग तीही जाते.”

यावर चिडवण्यासारखं बरंच होतं, पण वारा बोचत होता. मी म्हटलं, चल, घरी जाऊ.

शुक्रवारी सकाळी हात पुढे केला तर बोटं दिसेनात, असं धुकं. मी वहिनीकडे गेले तर बाईसाहेब बूट चढवून तयार.

“मी बेटाच्या टोकावर जाते. एका सीलच्या गळ्यात पट्टी अडकलीय म्हणे.”

“आज? आज विमान आहे, वहिनी.”

“या धुक्यात कसलं विमान? आलं तर दुपारनंतर. तोवर येते मी.” मग लेकीकडे वळून म्हणाली, “केस नीट बांध, झिपऱ्या वाऱ्यावर सोडून हिंडतेस.” आणि गेली.

मी मनातल्या मनात तिला चार शब्द ऐकवले. पण बोलणार काय? आमच्याकडे विमानाच्या वेळेवर कुणीच विश्वास ठेवत नाही. इंजिनाचा आवाज ऐकू आला की धावायचं, तोवर आपापली कामं.

थोड्या वेळानं वारा सुटला आणि धुकं फाटलं. धावपट्टीवरून फोन आला. मागून वादळ येतंय, विमान आत्ताच उतरतंय, थांबणार नाही, जाणाऱ्यांनी लगेच या. उस्तीन्याचं तोंड पांढरं पडलं. टोकावर फोन लागत नाही. तिथवर जाऊन वहिनीला घेऊन यायचं म्हणजे विमान गेलंच.

पोरगी बॅगेवर बसली. “आईला भेटल्याशिवाय मी जाणार नाही, आत्या.”

“नको जाऊ. पण मग आज जे राहील ते राहिलंच. पुढच्या वर्षी घेतील की नाही, कुणाला ठाऊक.”

तिनं खिडकीतून टोकाच्या दिशेला बघितलं. मग म्हणाली, “आई रागावेल?”

“रागावेल. पण माझ्यावर. तिला सवय आहे.”

ती उठली. दारामागे पिशवी भरून ठेवलेली होती, आत सुकवलेला हॅलिबट मासा आणि वर फडक्यात बांधलेलं पिरोक, माशाचं सारण भरून भाजलेलं, अजून कोमट. मी ती तिच्या गळ्यात अडकवली. गाडीत ती धाय मोकलून रडली, पण विमानाशी पोचल्यावर डोळे पुसले आणि पायऱ्या चढून गेली. पायलटनं माशाच्या वासानं नाक मुरडलं. दार लागलं.

आता वहिनीला सांगायचं कोणी? मीच. टोकापर्यंत गाडी हाकताना मी काय बोलायचं ते जुळवत होते. तिनं शिव्या दिल्या तर काय, गप्प राहिली तर काय. गप्प राहिली तर जास्त वाईट.

वहिनी तिच्या गाडीत काच खाली करून बसली होती. सुरी पेटीत तशीच, हातमोजे कोरडे. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“वहिनी, विमान आलं गं.”

“डोक्यावरून गेलं. पाहिलं मी.”

“उस्तीन्या गेली. वेळच नव्हता, मी तुला आणायला निघाले असते तर...”

“माहीत होतं मला,” ती म्हणाली. “पहाटे मीच फोन करून विचारलं होतं. म्हणाले, वादळाच्या आधी येणार, सकाळीच.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “मग तू इथे कशाला आलीस?”

“तिथे असते तर जाऊ दिलं असतं का मी तिला? खरं सांग.”

नसतंच दिलं.

“रडली?”

“गाडीत रडली. चढताना नाही.”

“पिरोक नेलं ना?”

“नेलं.”

तेवढं ऐकून वहिनी मान हलवत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. उन्हाळाभर पिल्लं उचलून वजन करणारी ही बाई, स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखी रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“बोल ना काहीतरी, ग्रुशा,” ती तशीच खाली बघत म्हणाली. “इतके दिवस तोंडाचा पट्टा चालू होता तुझा. आता चिडव ना मला.”

मी तोंड उघडलं. पण मीही रडत होते.