बाराव्या पानावरचा डोळा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी ब्राह्मी मगदूमला निपाणीहून वडिलांचा फोन आला. बोलणं एक मिनिट चार सेकंद चाललं.

ते रेकॉर्ड झालेलं आहे. ब्राह्मीच्या फोनवर प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. संपादक फोनवर बदल सांगतात आणि नंतर विसरतात, म्हणून तिने तशी सोय करून घेतली होती.

"ब्राह्मी, जेवलीस?"

"नऊ वाजल्यात आप्पा."

"व्हय की. काय करालीस?"

"देवमाशाच्या पुस्तकात हाय. आज संध्याकाळी द्यायचाय."

"डोळा काढलास?"

"न्हाई अजून. शेवटी."

"बरं." इथे चार सेकंद कुणी बोलत नाही. "आजपर्यंत माझं काय चुकलंमाकलं असंल, तर क्षमा कर गं."

"केली की. उत्तम क्षमा. तुम्हीबी मला करा."

"केली. मनापास्नं दिलीस न्हवं?"

"अगदी मनापास्नं, आप्पा. ठेवू?"

"ठेव."

आदल्या दिवशी, सोमवारी, क्षमावाणी होती. पर्युषणाचे दहा दिवस संपले की जैन घरांतून सगळे एकमेकांची क्षमा मागतात. पूर्वी घरोघर जाऊन मागत, आता बरंचसं फोनवर होतं. सोमवारपासून ब्राह्मीला सव्वीस फोन आले होते आणि तिने सव्वीस जणांना हेच उत्तर दिलं होतं. आप्पांचा फोन दरवर्षी क्षमावाणीच्या सकाळी सातला येई, सगळ्यांच्या आधी. यंदा तो एक दिवस उशिरा आला. आजारी माणूस, राहून गेलं असेल, असं तिला वाटलं. खरं तर तेवढाही विचार तिने केला नाही. तिच्या हातात ओला ब्रश होता.

ब्राह्मी सेहेचाळीस वर्षांची आहे. बेळगावात अनगोळला एकटी राहते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आतापर्यंत अकरा पुस्तकं झाली. आप्पा, म्हणजे आप्पाण्णा मगदूम, निपाणीच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते. वय ब्याऐंशी. जूनमध्ये त्यांच्या जठरात कर्करोग निघाला. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ब्राह्मीने बेळगावातच दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. ती वेळ त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची होती.

बापलेकीची कामाची एक रीत होती. चित्र तिने पूर्ण करायचं आणि डोळ्याची जागा कोरी ठेवायची. मग कागद पुठ्ठ्यात घालून निपाणीला न्यायचे. आप्पा चहा पिणार, हात धुणार, शून्य नंबरचा, सगळ्यात बारीक ब्रश घेणार आणि हत्तीला, कावळ्याला, खारीला डोळा देणार. त्यांचे आजोबा मूर्तीच्या प्रतिष्ठापनेत डोळे उघडण्याच्या विधीला उभे असत. तिथून ही सवय घरात आली असावी. अकराही पुस्तकांतले डोळे आप्पांचे आहेत. बाराव्या पुस्तकाला मात्र उशीर झाला होता, आप्पांचा हातही थरथरत होता. "ह्या वेळी मीच काढते," असं तिने ऑगस्टमध्ये सांगून टाकलं होतं. आप्पा "काढ की" म्हणाले होते.

हे बारावं पुस्तक देवमाशाचं आहे. ब्राह्मी नऊ वर्षांची असताना वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका किनाऱ्यावर देवमासा लागल्याची बातमी आली. आप्पांनी शाळेत रजा टाकली आणि तिला एसटीत घालून आंबोलीच्या घाटाने खाली नेलं. मासा जिवंत होता. लोकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडले होते. दोन पोरं पाठीवर चढली होती. आप्पांनी त्यांना उतरवलं. मग शेपटीपासून तोंडापर्यंत चालत जाऊन त्यांनी मासा मोजला. सतरा पावलं. वहीत त्यांनी चित्र काढलं आणि मग ते वाळूत गुडघ्यांवर बसले. मरणाऱ्या प्राण्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणायचा, हे त्यांच्याकडे लहानपणीच शिकवतात. पण देवमाशाला कान दिसेना. बराच वेळ बोटांनी चाचपल्यावर डोळ्याच्या मागे वीतभर अंतरावर त्यांना एक भोक सापडलं, पेन्सिलीच्या शिशाएवढं. तिथे तोंड नेऊन त्यांनी मंत्र म्हटला.

"त्याला ऐकू येतंय व्हय आप्पा?"

"येत असंल."

शेवटची एसटी चारला होती. त्या माशाचं पुढे काय झालं, ते दोघांनाही कधी कळलं नाही.

पुस्तकात तेच आहे. सोळा पानं, एक बाप, एक मुलगी आणि इतका मोठा मासा की तो कुठल्याच पानात पुरा मावत नाही. एका पानावर पाठ, एकावर शेपटी, एकावर पोटाच्या वळ्या. डोळा फक्त बाराव्या पानावर आहे.

पुस्तकाची संपादक रचना पुण्याची. तिने रंगीत कच्ची पानं बघितली तेव्हा म्हणाली होती, "ब्राह्मीताई, थोडं हसू द्या ना त्याला. आणि डोक्यावर ते कारंजं नाहीये!"

"मरायला टेकलेलं जनावर हसतंय कशाला?"

"मुलं घाबरतील हो. डोळा तरी मोठा करा. पापण्या वगैरे."

"मोसंबीएवढा असतो. तोंडाच्या कोपऱ्याजवळ, खाली. आमच्या आप्पांनी बघितलाय."

"तुमचे आप्पा मला एकदा भेटलेच पाहिजेत," रचना म्हणाली होती.

त्या मंगळवारी संध्याकाळी ब्राह्मीने पंधरा पानं पाठवली. बारावं राहिलं. डोळा तिने वेगळ्या कागदावर एकोणीस वेळा काढून पाहिला, एकही जमला नाही. तिने रचनाकडून शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

गुरुवारी दुपारी एक वाजता तिचा धाकटा भाऊ वृषभ याचा फोन आला. तो निपाणीला आप्पांजवळ राहतो.

"आक्का, येणार हाईस का न्हाई?"

"उद्या येतीय की. गाडी ठरवलीय. आप्पांना दहापर्यंत तयार ठेव. डॉक्टर अकराला बघणार हाईत."

वृषभ म्हणाला, "चेष्टा करतीस काय माझी?"

"कसली चेष्टा?"

"आप्पांनी काल सल्लेखना घेतली. सगळ्यांसमोर. तू हो म्हणालीस म्हणून घेतली."

अन्नपाणी टप्प्याटप्प्याने सोडून, सगळ्यांची क्षमा मागून शांत मनाने मरणाला सामोरं जाण्याचं हे व्रत. ते देण्याआधी चातुर्मासासाठी गावात आलेल्या मुनिमहाराजांनी आप्पांना घरच्यांची संमती विचारली होती. वृषभ तीन दिवस नाही म्हणत होता. शेवटी त्याने अट घातली, आक्काने मनापासून क्षमा देऊन मोकळं केलं तर माझी ना नाही. आक्का ऐकणार नाही, याची त्याला खात्री होती. तिने दुसऱ्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. मीच तिला विचारतो, असं आप्पा म्हणाले आणि फोन घेऊन परसात गेले. दीड मिनिटात परत आले. "दिली तिनं," म्हणाले. "मनापास्नं दिली."

"मला वाटलं क्षमावाणीची मागालेत," ब्राह्मी म्हणाली.

"क्षमावाणी सोमवारी झाली आक्का."

"कळतंय मला."

"मी तीन दिवस भांडलो गं. तीन दिवस! तू एका मिनिटात दिलीस. म्हणून दोन दिवस तुला फोनबी केला न्हाई मी. तोंड बघू नये वाटालतं तुझं."

आप्पांनी मुद्दाम तोच दिवस निवडला का, हे वृषभने विचारलं नाही. ब्राह्मीनेही नाही. परसात उभं राहून त्यांना काय वाटलं असेल, ते त्या रेकॉर्डिंगमधून कळत नाही. ती चार सेकंदांची शांतता ब्राह्मीने आतापर्यंत पुष्कळदा ऐकली आहे. मागे कुठेतरी कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज येतो, एवढंच.

त्याच संध्याकाळी ती निपाणीला पोचली. येताना बारावं पान पुठ्ठ्यात घालून आणलं. आप्पा पुढच्या खोलीत चटईवर होते. त्यांनी ओळखलं, हसले.

"आलीस? बरं केलंस. लई सोपं केलंस बघ माझं. ह्यो वृषभ ऐकंना."

ब्राह्मी त्यांच्या पायांशी बसली. पुठ्ठा तिने भिंतीला टेकवून ठेवला.

वृषभ तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "सांग त्यांना. चुकून झालं म्हणून सांग. तुझं ऐकतील."

"आणि न्हाई ऐकलं तर?"

वृषभ मुनिमहाराजांना भेटून आला होता. व्रत आप्पांचं आहे, ते स्वतः मागतील तर कुणीही त्यांना अन्न देईल, असं महाराजांनी सांगितलं. पण त्यांच्या मनात खळबळ होईल असं काही बोलू नका, असंही सांगितलं. या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ब्राह्मीने सांगितलं आणि आप्पांनी तरीही अन्न घेतलं नाही, तर ते अशांत मनाने जातील. नाही सांगितलं, तर तिने कधी न दिलेल्या संमतीवर जातील.

दोन दिवसांनी, शनिवारी, दूध बंद झालं. आता फक्त पाणी आहे. आप्पांच्या कानाशी चोवीस तास कुणीतरी णमोकार म्हणत असतं. घरची आणि गल्लीतली मिळून चौदा माणसं आहेत, वेळा वाटून घेतल्या आहेत. ब्राह्मीची पाळी दुपारी साडेचार ते पाच. त्या अर्ध्या तासात खोलीत दुसरं कुणी नसतं. रोज पाच वाजता ती बाहेर येते आणि वृषभ दारातच विचारतो, "सांगितलंस?" ती नकारार्थी मान हलवते. ती आल्यापासून असंच चाललं आहे.

काल तिने बारावं पान आप्पांना दाखवलं. ब्रश त्यांनी व्रताच्या दिवशीच सोडला होता, शाळेची रंगपेटीही कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं, बोट उचललं आणि तोंडाच्या कोपऱ्याजवळ, खाली, एका जागी टेकवलं. मग तेच बोट वीतभर मागे सरकवलं. तिथे तिने काहीच काढलं नव्हतं.

"कान," आप्पा म्हणाले. त्यानंतर ते कुणाशी बोललेले नाहीत. हाक मारली तर पापण्या हलतात.

रचनाने छपाई सोमवारपर्यंत थांबवली आहे. त्यापुढे जमणार नाही, असं तिने कळवलं आहे.

आज रविवार. साडेचारला ब्राह्मी पान आणि शून्य नंबरचा ब्रश घेऊन आत गेली. आज तिने दार लोटून घेतलं, रोज लोटत नाही. पाच वाजता पुढच्या पाळीची बाई येऊन उंबऱ्याशी थांबली. वृषभही तिथेच उभा आहे. आतून मंत्र म्हटल्याचा आवाज चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत येत होता. आता पाच वाजून बारा मिनिटं झाली आहेत. दार अजून लोटलेलंच आहे.