एका हाताचा भाव

दुकान उघडायला थोरलीला ना शटर वर करावं लागत होतं, ना झाडू मारावा लागत होता. सकाळी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसायचं, भाचीनं दिलेला जुना फोन उघडायचा आणि बघायचं, आली का ऑर्डर? नाही. झालं, उघडलं दुकान, बाई बसली गल्ल्यावर. असलं दुकान वैऱ्यालाही मिळू नये. समोरून कोण गेलं ते कळत नाही, कोण आत डोकावलं ते कळत नाही, कुणी नाक मुरडून गेलं तर त्याचाही पत्ता नाही.

विकायला होते हातानं शिवलेले कातडी हातमोजे. मोजक्याच जोड्या, प्रत्येकीतले दोन मोजे मनगटाशी दोऱ्यानं एकमेकांना टाचलेले. प्रत्येक जोडीतला डावा थोरलीनं शिवलेला आणि उजवा धाकट्या बहिणीनं. आता तुम्ही म्हणाल, ही कुठली तऱ्हा? ही कारखान्याची तऱ्हा. दोघी लग्नाआधीपासून हातमोज्यांच्या कारखान्यात होत्या, आणि तिथला नियम असा की एका बाईनं एकच हात शिवायचा. आज डावा, उद्या उजवा असं केलं की अंगठा लावताना नजर चुकते, म्हणे. त्यामुळे थोरली जन्मभर डावेच शिवत आली आणि समोर बसून धाकटी उजवे. संध्याकाळी सुपरवायझर बाई विचारायची, "किती हात झाले गं?" जोडी हा शब्द तिथे फक्त पॅकिंगवाल्यांच्या तोंडी.

कारखाना बंद पडला तेव्हा दोघींनी घरच्या टेबलाशी तशाच समोरासमोर खुर्च्या मांडल्या, आणि धाकटीनं मोठ्या हौसेनं हे फोनमधलं दुकान काढलं. फोटो तिच्या मुलीनं काढले, मजकूर तिनं स्वतः घातला. "ताई, पहिलं गिऱ्हाईक येऊ दे, मग बघ," असं येता-जाता म्हणायची. आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत निघून गेली. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, थोरली पाणी घेऊन आली तोवर सगळं आटोपलं होतं.

थोरली रडली नाही. शेजारीण म्हणाली, "रडून घे गं, मन मोकळं होतं." आता मोकळं करायला आधी आत काही भरलेलं तर हवं! तिच्या आत काही म्हणजे काही नव्हतं. आमटीत मीठ नाही हे तिला जेवून उठेपर्यंत कळायचं नाही. कुणी विनोद केला की तीही हसायची, पण इतरांचं हसून झाल्यावर. बायका पाठीमागे म्हणाल्या, दगड आहे नुसता. ते तिच्या कानावर आलं आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही.

भाची दवाखान्यात रिसेप्शनला होती. सुट्टीत डबा घेऊन मावशीकडे यायची आणि मावशी जेवते की नाही ते बघायची. आई तिची गेली होती, पण काळजी तीच करत होती. एक दिवस ती म्हणाली, "मावशी, या आठवड्यात काही विकलं गेलं नाही तर दुकान बंद करू या. बेकरीवाल्या काकांना खोकी भरायला माणूस हवंय. तिथे चार तोंडं तरी दिसतील तुला."

"बरं," थोरली म्हणाली. तिला सगळ्यालाच बरं म्हणायची सवय लागली होती.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. काही विकलं गेलं नाही तर धाकटीचं दुकान बुडणार. विकलं गेलं तर धाकटीनं शिवलेला हात घराबाहेर जाणार, आणि तसा दुसरा होणार नाही. थोरलीनं उजवा शिवून पाहिला होता. अंगठा असा ताठ वर लागला की तो घालून माणसानं नुसतं रस्त्याच्या कडेला उभं राहावं आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या थांबवाव्यात. तो तिनं उसवून टाकला. म्हणजे होत्या त्या जोड्याच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि बाई मध्ये बसून चहा पितेय. ऑर्डर यावी असं तिला वाटत होतं की न यावी असं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

आठवड्याच्या मध्यावर भाचीनं मावशीचा फोन हातात घेतला. घोडं नेमकं पेंड कुठे खातंय ते तिला बघायचं होतं. फोटो ठीक होते. मग तिनं खालचा मजकूर वाचला आणि कपाळावर हात मारला.

"मावशी! हे काय लिहिलंय आईनं? 'भाव एका हाताचा. डावा की उजवा ते कळवावे.'"

"मग?"

"मग काय मग? जोडीचा भाव कुठाय?"

"भाव हाताचाच असतो," थोरली म्हणाली.

"अगं, कारखान्यात असतो! बाहेर माणसं दोन-दोन हात घेऊन फिरतात! एका हातानं टाळीसुद्धा वाजत नाही, आणि तुम्ही दोघी एका हाताचा भाव लावून बसलात!" भाचीला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं. "थांब, बदलते मी. दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे."

"अगं पण..."

"धाकटीनं लिहिलंय. राहू दे म्हटलं ना."

इतक्या दिवसांत मावशी पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणाली होती. भाचीनं फोन गपचूप खाली ठेवला. या बायकांपुढे डोकं आपटून आपलंच डोकं फुटायचं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

शनिवारी दुपारी दोघी जेवत असताना फोन किणकिणला. तो आवाज थोरलीनं कधी ऐकलाच नव्हता. कुठेतरी चमचा पडला असेल, असं तिला वाटलं. भाचीनं उष्ट्या हातानंच फोन ओढला आणि ओरडली, "आली! मावशी, आली!" मग ती पुढचं वाचत गेली आणि तिचा आवाज उतरत गेला.

कुणी शिक्षक होते. त्यांनी लिहिलं होतं: "एका हाताचा भाव वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. मला डावा हात नाही. आजवर जोडी घेत आलो आणि डावा टाकून देत आलो. कुणीतरी माझ्यासारख्यांचा विचार केला, हे पाहून फार बरं वाटलं. तपकिरी, उजवा, एक पाठवावा."

"उजवा," भाची म्हणाली. "म्हणजे आईचा." तिनं फोन ताटाशेजारी ठेवला. "नाही म्हणून कळवू का? संपलाय म्हणून?"

थोरली उठली. हात धुतले, कोरडे केले आणि तपकिरी जोडी काढून टेबलाशी बसली. कात्रीनं टाचलेला दोरा कापला. माल बाहेर जायच्या आधी आत हात घालून बघायचं, ही सवय होती, म्हणून तिनं उजव्यात हात घातला आणि बोटं ताणली. अंगठा कसा बसला होता! कुठे चुणी नाही, ओढ नाही. आत, अंगठ्याच्या मुळाशी, धाकटीची गाठ बोटाला लागली. धाकटी गाठ दोनदा मारायची. सुपरवायझर बाई ओरडायची, एकदा पुरे गं, दोरा काय फुकट येतो? तरी ही दोनदाच मारायची.

आणि थोरलीला धाकटीचा असा राग आला, असा राग आला की तिनं टेबलावर मूठ आपटली. "मेली, एवढी घाई होती तर दुकान कशाला काढलंस? मला उजवा शिकवायचास की आधी! पाणी येईपर्यंत थांबायचं होतंस की गं!" समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ती ओरडत होती, आणि ओरडता ओरडता एकदम हमसून हमसून रडायला लागली. धाकटीचा उजवा हातात तसाच होता. भाची धावली आणि तिला घट्ट धरून तीही रडली. शेजारीण दारापर्यंत आली, बघितलं आणि आल्या पावली परत गेली.

बऱ्याच वेळानं थोरलीनं डोळे पुसले. हातमोजा काढला, पातळ कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि वर पट्टी चिकटवली. टेबलावर तिचा डावा राहिला होता. कारखान्यात जोडी फुटलेला हात सरळ टाकाऊ कातरणाच्या टोपलीत जायचा, कुणी विचारायचंसुद्धा नाही. तिनं तो उचलला, मांडीवर घेऊन सपाट केला.

"याचं काय करायचं, मावशी?" भाचीनं विचारलं. "ठेवून देऊ का आठवण म्हणून?"

"कपाटात ठेवून काय करायचंय? फोटो काढ," थोरली म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेलाच होता. "आणि खाली लिही, उजवा गेला. डावा आहे."